लुसियाची ओटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या बहिणीला नाही. सईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सई माझी मुलगी. डेल्फ्टला डच विद्यापीठात शिकत होती आणि तिथल्या मुलींच्या एका मंडळात होती. देशोदेशीच्या मुली, एकमेकींना बहिणी म्हणायच्या. नवीन आलेल्या प्रत्येकीला एक थोरली बहीण नेमून देत. सईची थोरली बहीण लुसिया, पेरूची. कोविडच्या पहिल्या हिवाळ्यात तिचं नाताळचं विमान रद्द झालं, खोली आधीच सोडलेली, आणि सई तिला डीमनला आमच्या घरी घेऊन आली. मीच म्हणाले होते, आण.

पोरगी चांगली होती. पोळ्या लाटायला शिकली, मला काकू म्हणायला लागली. मग बिनसलं कुठे? सई माझ्याशी कित्येक वर्षं डचमध्येच बोलत होती. मी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं — मी ते सोडून दिलं होतं. आणि आता ती लुसियाला मराठी शिकवत होती. "आई 'हो का' म्हणाली की समजायचं, चिडलीय. तिथून निघायचं." दोघी पोट धरून हसत होत्या. म्हणजे मुलीला मी इतकी नीट कळत होते? आणि ते ती दुसरीला देत होती? मला मत्सर वाटला. दुसरा शब्द नाही.

एकदा मटार सोलताना लुसिया इंग्रजीत म्हणाली, "काकू, स्पॅनिश बोलणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, तू आता त्या मंडळवाल्यांची झालीस. मंडळात म्हणतात, तू सारखी तुझ्या लॅटिना मैत्रिणींत. मला दोन्ही माझंच वाटतं. दर वेळी एकीकडचं का सोडायचं?" त्या आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षपदाची निवड होती, ती उभी होती. "सईला सांगू नका, ती उगाच सगळ्यांशी भांडेल." मी म्हटलं, नाही सांगत.

दोन दिवसांनी सईने विचारलं — मराठीत, किती दिवसांनी — "आई, लुसिया गप्प का आहे? तुला काही बोलली?"

मराठीत विचारलं, तेही लुसियाबद्दल.

मी म्हटलं, "तिचं मन तिच्या लॅटिना मैत्रिणींत आहे. तुमच्यात ती फक्त पदासाठी आहे. स्वतः म्हणाली मला."

जीभ घसरली असं म्हणू का? नाही घसरली. सई लुसियाला जाऊन विचारणार नाही, हे मला माहीत होतं. आमच्याकडे विचारत नाहीत, मनाला लावून घेतात. ते ती माझ्याकडूनच शिकलीय.

निवडीची मीटिंग ऑनलाइन होती. दोघी माझ्याच घरात, दोन खोल्यांत, दोन लॅपटॉपसमोर. मी मधल्या पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. सई म्हणाली, लुसियाचं मन आपल्यात नाही, तिला निवडू नका. दुसऱ्या बंद दारामागून आवाज आला, "ओके." तेवढाच. तेव्हाही मी दार उघडून बोलू शकले असते. मी टॉवेल वेगळे केले.

लुसियाने मंडळ सोडलं आणि आठवड्याभरात डेल्फ्टला खोली शोधली. दोघी त्यानंतर एकमेकींशी बोललेल्या नाहीत. सई मात्र संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायला लागली. मला बरं वाटलं. हेही सांगायलाच हवं.

निघताना मी लुसियाची ओटी भरली. खरं तर ओटी लग्न झालेल्या बाईची भरतात, तरी भरली. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. तिने जॅकेटचं टोक पसरलं. सई खोलीतून बाहेर आली नाही.

"काकू," लुसिया म्हणाली, "या घरात तुम्ही तेवढ्या माझ्या बाजूच्या."

मी म्हटलं, "पोचलीस की कळव."

तिने कळवलं. मी अंगठा पाठवला.