झारची मिशी

मला सांगा, रशियाचा झार तुम्ही कधी हातवाऱ्यांनी शिकलात का? आमच्या सूतगिरणीचं अख्खं स्पिनिंग खातं शिकलं. असे किस्से आमच्याकडे कापसाच्या तुसासारखे साचतात. झाडून घ्या, पुढच्या पाळीपर्यंत पुन्हा ढीग!

आमच्या खात्यातल्या कुंदाताईंचा बी.ए.चा एकच पेपर राहिला होता, इतिहासाचा. दोनदा गेला होता. सुपरवायझर व्हायचं तर डिग्री हवी, आणि ही शेवटची संधी. मी स्वतः बारावीवर थांबलेली, पण आवाज खणखणीत. म्हणून नागपुरातल्या हुडकेश्वरपासून बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत, कंपनीच्या बसमध्ये पुस्तक मी मोठ्यानं वाचायची.

पहिल्याच दिवशी वाचलं, की रशियात कारखाने काढायला लोकांकडे भांडवल नव्हतं, म्हणून झारच्या सरकारनंच रेल्वे टाकली, परदेशी भांडवल आणलं, कारखाने उभे केले.

मागच्या सीटवरून आमच्याच खात्यातली पुष्पा म्हणाली, "मंग आपली बुटीबोरी बी झारनंच वसवली का वं?"

बस हसली. कुंदाताईंनी मात्र ते वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, आता विसरायची नाही.

*

पुढे होतं, की या सगळ्यासाठी शेतकऱ्यांवर कर लादले. धान्य परदेशी विकलं, पिकवणारे अर्धपोटी. पुष्पाचं माहेर काटोलचं, संत्र्याच्या बागांचं. तिनं डबा बंद केला.

"चांगली संत्री पेटीत, डागी आमच्या ताटात. म्हणजे मी लहानपणी झारच्याच राज्यात होती."

*

खात्यात मशिनींमुळे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही खुणा करतो. दोन बोटं जुळवली की धागा तुटलाय, जोड. मिशीला पीळ दिला की साहेब आले. आताच्या साहेबांना मिशी नाही, पण खूण जुनी आहे. कुंदाताईंनी अख्खा धडा खुणांत बसवला. मिशीला पीळ म्हणजे झार. दोन्ही हात समांतर, रेल्वे. पोटावरून हात फिरवून दूर ढकलला, की धान्य परदेशी. बॉबिन बदलता बदलता उजळणी चालायची.

एक दिवस साहेबांनी पाहिलं. कुंदाताईंना आणि पुष्पाला दाराबाहेर बोलावून विचारलं, "मिशी म्हणजे मीच ना?"

"नाही साहेब, झार," कुंदाताई म्हणाल्या.

साहेबांनी सगळा धडा ऐकला. मग म्हणाले, "शेवटी काय झालं त्याचं?"

"कामगार भडकले ना साहेब," पुष्पा म्हणाली.

महिनाभर बंद असलेला आमच्या खात्यातला पंखा दुपारच्या आत सुरू झाला.

*

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, आणि कुंदाताईंचं डोकं कोरं. त्यांनी पेन ठेवलं आणि हात चालवले. मिशी, रेल्वे, पोट. वर्गावरच्या मॅडम धावत आल्या, कोणाला खुणा करता म्हणून. कुंदाताई पहिल्या बाकावर. समोर नुसती भिंत.

"मलेच करून राहिली, मॅडम. अर्धाच झार झाला, पुरा करू द्या."

रशिया पूर्ण होईपर्यंत मॅडम तिथंच उभ्या राहिल्या.

*

निकाल पाळी चालू असतानाच लागला. खात्यात मोबाइल चालत नाही. मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाऊन मोबाइलवर पाहिला आणि धावत आत आले. कुंदाताई मशिनींच्या पार पलीकडे. 'पास'ची खूणच नव्हती आमच्याकडे! मी मिशीला पीळ दिला. त्यांनी दचकून मागे पाहिलं. साहेब नव्हते. मी पुन्हा पीळ दिला आणि त्यांच्याकडे बोट केलं.

त्यांनी हातातला तुटलेला धागा आधी जोडला, मग डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताई खात्यात शिरल्या, तेव्हा दारात उभ्या साहेबांनी त्यांच्याकडे पाहून आपल्या नसलेल्या मिशीला पीळ दिला.