सातवी सही

उट्रेख्तमधील डॉक्टर रेनिअर व्हान स्टाकेन यांच्या घरी दर मंगळवारी विद्वान मंडळी जमत आणि लुब्बर्ट हेरिंक्स पंपाने हवा उपसत असे. काचेची हंडी रिकामी व्हायला पंपाचा दांडा दोनशे वेळा ओढावा लागे. घाम लुब्बर्टचा, विस्मय मंडळींचा. लॅटिन शाळेत तो पहिल्या तिघांत असे, वडील वारल्याने शिक्षण सुटले. डॉक्टरांकडच्या बारा वर्षांच्या नोकरीत हे त्याला कोणी विचारले नव्हते.

प्रयोग संपला की मंडळी अहवालाखाली साक्षीदार म्हणून सह्या करीत. सात सह्या असल्याखेरीज अहवाल छापला जात नसे. लुब्बर्टची सही कधीच घेतली गेली नाही. पगारी माणूस धन्याला हवे तेच पाहणार, असा त्यामागचा तर्क. धन्याच्या टेबलाशी बसून भाजलेले बदक खाऊन सह्या करणाऱ्यांना तो तर्क लागू नव्हता.

त्या मंगळवारी हंडीत घड्याळाच्या यंत्रावर वाजणारी घंटा टांगली होती. हवा निघाली तसा नाद विरत गेला. हवेविना ध्वनी नाही, असे ठरले. पण एका गृहस्थांचा पाय संधिवाताने सुजल्यामुळे साक्षीदार सहाच होते.

डॉक्टरांनी लेखणी पुढे केली. “लुब्बर्ट, आज तू सही कर. लॅटिन वाचतोस ना?”

लुब्बर्टने वाचले. 'लेशमात्रही नाद ऐकू आला नाही', असे लिहिले होते. दांडा धरताना त्याचा कान हंडीच्या झाकणाशी येई, आणि तेथे घंटा वाजतच होती. बारीक, पण वाजत होती.

“मला ऐकू आली, डॉक्टरसाहेब.”

“बारा वर्षं दांडा ओढून कानात घंटाच वाजणार,” केसांचा टोप सावरीत एक व्यापारी म्हणाला. मंडळी हसली.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. “हे बघ, छापील कागदावर तुझं नाव येईल. तुझ्या नातवंडांना दाखवशील.”

ते नाव त्याने मनात कितीदा लॅटिनमध्ये लिहून पाहिले होते. त्याने लेखणी घेतली आणि सुबक अक्षरांत लिहिले: 'क्षीण नाद ऐकला. लुब्बर्ट हेरिंक्स.'

डॉक्टरांनी कात्रीने कागदाची तेवढी पट्टी कापली. सातव्या सहीसाठी संधिवाताच्या गृहस्थांकडे कागद पाठवण्यात आला. त्यांनी अंथरुणातूनच साक्ष दिली.

पुढल्या सोमवारी हंडी पुसताना लुब्बर्टने घंटा टांगलेली पितळी तार बोटाने छेडली. तार झाकणाला टेकत होती; नाद तिच्यातूनच झाकणापर्यंत पोचत होता. त्याने ती काढून घंटा रेशमी दोऱ्याने टांगली, हवा उपसली आणि झाकणाला कान लावला. काहीही ऐकू आले नाही.

अहवाल तोवर छापखान्यात गेला होता. आता तो खराही होता. लुब्बर्टने दोरा तसाच ठेवला आणि पंपाच्या चामड्याला तेल लावायला बसला.