डावीकडे न वळणारी गाडी

आमच्या गाडीला डावीकडे वळता येत नसे. बाकी गाडी उत्तम होती.

म्हणजे आमच्या हातात येईपर्यंत तरी होती. मुंबईतल्या कुठल्याशा परदेशी वकिलातीची ती जपानी जीप. जीप म्हणायचं ते दुसरा शब्द माहीत नव्हता म्हणून. आत मऊ गालिचा, थंड हवेची सोय, बटण दाबलं की आपोआप खाली सरकणाऱ्या काचा. वकिलातीला ती जुनी वाटली, म्हणून लिलावात निघाली. आमच्या ह्यांची सांगलीत हळदीची अडत. त्यांच्याकडून हळद उचलणाऱ्या एका मुंबईच्या व्यापाऱ्याने ती गाडी ह्यांच्या गळ्यात घातली. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. सांगलीत तेव्हा एका स्कूटरवरून चार जणांचं कुटुंब सिनेमाला जायचं, आणि मी त्या गाडीतून कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जाऊ लागले.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण ह्यांचं मूळ गाव दुष्काळी माण तालुक्यातली एक वाडी. तिथे ह्यांचे चुलतभाऊ ज्ञानू भाऊजी राहतात. वाडीला जायचा रस्ता दगडधोंड्यांचा, आणि पहिल्याच फेरीत गाडीचं पोट खडकाला घासलं. तेव्हा मीच म्हणाले, "गाडी जरा उंच करून घेऊ या. रोज बाजारातही चालेल आणि गावाकडेही." आणि पुढे हेही मीच म्हणाले, "आमच्या दादाला यातलं सगळं कळतं."

माझा दादा सैन्यातून निवृत्त होऊन कराडजवळ मलकापूरला आला होता. त्याने तिथे गॅरेज काढलं होतं, आणि त्यात मुख्यतः उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त व्हायच्या. दर वाक्यात एकदा लडाख आल्याशिवाय त्याचं बोलणं पुरं होत नसे. सैन्यात तो नक्की काय करत होता, हे विचारावं असं आमच्या घरात कुणालाही कधी वाटलं नाही.

दादाने गाडीभोवती एक फेरी मारली. टायरला लाथ घातली.

"दाजी, ही गाडी न्हाई, ही नवरी हाय," तो म्हणाला. "लडाखला असली गाडी आमी सकाळच्या न्याहारीला मोडून खाल्ली असती."

"मग काय करायचं?" ह्यांनी विचारलं.

"काय करू नगा. गाडी ठेवा आनि जावा."

आम्ही गाडी ठेवली आणि गेलो. (सुशिक्षित माणसं असंच करतात.)

परत आणायला गेलो तेव्हा गाडी मला आधी ओळखूच आली नाही. दादाने ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे घालून ती हातभर उचलली होती. खाली ट्रॉलीचे टायर बसवले होते. पुढे लोखंडी अँगलचा बंपर होता. त्याच्यासमोर म्हैस आडवी आली असती तर म्हशीचंच चुकलं असतं. आणि बोनेटच्या बाजूने एक जाड नळकांडं निघून थेट टपापर्यंत गेलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"इंजिनाला श्वास घ्यायला," दादा म्हणाला. "गाडी छातीभर पान्यात गेली तरी बंद पडायची न्हाई."

"पण आम्हाला माणमध्ये जायचंय, दादा. तिथे प्यायला पाणी टँकरने येतं."

"आज न्हाई. पर उद्या पूर आला तर?"

हा प्रश्न इतका दूरदृष्टीचा होता की ह्यांनी किल्ली मागून घेतली आणि आम्ही निघालो. नळकांड्याला वाट करून देताना थंड हवेची नळी कापली गेली, हे आम्हाला मलकापूर सोडल्यावर घाम फुटला तेव्हा कळलं. आणि डावीकडे वळण्याचं कळलं ते सांगलीत शिरताना. नवे टायर इतके रुंद होते की ते मडगार्डला घासायचे. ते घासू नयेत म्हणून दादाने आत एक लोखंडी ठोकळा जोडला होता, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे अर्ध्यावरच अडायचं. ह्यांनी फोन केला, तर दादा म्हणाला, "लडाखला वळनंच नसत्यात." फोन बंद.

मग आम्ही सांगली उजवीकडून शिकलो. घरून अडतीला जायला पाच मिनिटं लागायची. आता गणपती मंदिराला वळसा घालून, नदीचा घाट बघून आणि एकदा बसस्टँडमध्ये शिरून आम्ही पोचायचो. उंची एवढी की भाजीवाली मेथीची जुडी काठीला बांधून वर द्यायची. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका वकीलबाईंशी माझी याच काळात चांगली ओळख झाली. सिग्नलला आम्ही खिडकीतून खिडकीत बोलायचो. मी मात्र हार मानली नव्हती. मखमली पडदे शिवून घेतले, सीटवर कशिद्याची कव्हरं घातली. बाहेरून रणगाडा आणि आतून मंगल कार्यालय असं त्या गाडीचं रूप झालं.

आणि मग ज्ञानू भाऊजींच्या मुलीला, मंदाला, स्थळ आलं.

मंदा डी.एड. झालेली, हुशार पोरगी. साताऱ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी सुमनताई आपल्या मुलासाठी तिला बघायला येणार होते. मुलगा पुण्यात नोकरीला होता. आई-वडिलांची पसंती तीच आपली, असं म्हणणारा. भाऊजींना एकच काळजी होती: वाडीपर्यंत पाहुण्यांना आणायचं कसं? एसटी फाट्यावर सोडते आणि पुढे तासभर चालायचं. एकदा असंच एक स्थळ फाट्यावरूनच परत गेलं होतं.

"आवं वैनी, तेवढी तुमची गाडी मिळंल का?" भाऊजींनी विचारलं.

मी या प्रश्नाची कधीपासून वाट बघत होते.

ठरलेल्या दिवशी आम्ही वाटेत दादालाही घेतलं. (गाडी अडली तर जाणकार हवा.) साताऱ्यात सरांचं घर डावीकडच्या बोळात, म्हणून त्यांना मुख्य रस्त्यावर बोलावून घेतलं. सुमनताई गाडीजवळ आल्या. आधी खाली पाहिलं, मग वर पाहिलं.

"शिडी आहे का?" त्यांनी विचारलं.

शिडी नव्हती. ह्यांनी खालून आणि मी वरून अशा रीतीने त्यांना आत घेतलं. त्यात त्यांचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं, अंबाडा सुटला, आणि पुसेगाव येईपर्यंत त्या त्या चौकटीकडे रागाने बघत होत्या. सर मात्र सज्जन. ट्रकच्या पाट्यांमुळे प्रत्येक खड्ड्याला आम्ही सगळे टपाला टेकून खाली येत होतो, आणि प्रत्येक वेळी सर म्हणायचे, "छान आहे हो गाडी. मजबूत आहे."

दहिवडी मागे पडलं. फाट्यावरून आम्ही वाडीच्या वाटेला लागलो. (ती वाट, देवाच्या कृपेने, उजवीकडे होती.) दोन्ही बाजूंना शेतांच्या बांधाच्या दगडी ताली, मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. दादा खुशीत होता. "आता बघा हिची ताकद," तो म्हणाला. आणि पुढे एका बाभळीपाशी ती वाट डावीकडे वळली.

आम्ही वळलो नाही.

बंपर समोरच्या तालीत घुसला. ह्यांनी मागे घेतली, तर मागचं चाक दुसऱ्या तालीवर चढलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि थोड्या वेळाने गाडी त्या वळणात अशी बसली की जणू आधी गाडी होती आणि मग तिच्याभोवती कुणी बांधकाम केलं. चाकं जागेवरच फिरून मुरूम उडवत होती. बोनेटमधून वाफ निघायला लागली.

"दादा," हे म्हणाले, "लडाखला अशा वेळी काय करायचे तुम्ही?"

दादा खाली उतरला होता. त्याने डोकं खाजवलं. "काय म्हाईत, दाजी."

"म्हणजे?"

"मी लंगरात हुतो. चपात्या करायला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण इतकं स्पष्ट त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. वळून पाहते तर पाण्याचा टँकर. वाडीला आठवड्यातून दोनदा येणारा, आणि वाडीला दुसरी वाट नाही. टँकरचा हॉर्न ऐकून वाडीतल्या बाया हंडे, घागरी, डबे घेऊन उतारावरून पळत आल्या, आणि आमच्या गाडीशी येऊन थांबल्या. गाडीच्या या बाजूला बाया, त्या बाजूला पाणी.

"कुनाचं ह्ये धूड?" एक जण ओरडली.

मी चटकन मखमली पडदे ओढून घेतले. मला लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला वाटलं, पडदे लावले की आपण तिथे नाही. हे गाडीखाली शिरले होते, त्यांचे फक्त पाय दिसत होते. ते दुरुस्ती करायला शिरले की लपायला, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

सर आणि सुमनताई मात्र खाली उतरून रस्त्यात उभे होते. धुळीने दोघंही सारखेच पांढरे दिसत होते. पडद्याच्या फटीतून मी बघते तर बायांच्या पुढे कमरेला पदर खोचलेली, डोक्यावर हंडा घेतलेली एक मुलगी. मंदा.

गाडीचं हे नवं रूप तिने कधी पाहिलं नव्हतं. "मावशी, बाजूला सरा जरा," ती सुमनताईंना म्हणाली. "उन्हात का उभ्या ऱ्हायलाय? तिकडं बाभळीखाली बसा." मग ती तालीवर चढली, गाडीला वळसा घालून टँकरपाशी गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "नळी इथंच सोडा. आमी हातोहात नेतो." बघता बघता बायांची रांग लागली. भरलेले हंडे तालीवरून पलीकडे जाऊ लागले. मधे टेकवायला जागा हवी म्हणून त्यांनी आमच्या बोनेटचा कट्टा केला. इतक्या दिवसांत त्या गाडीचा कुणाला पहिल्यांदा उपयोग झाला तो असा.

दादाने मधेच तोंड घातलं. "पोरी, एक घागर इकडं दे. इंजिन तापलंय."

मंदाने आधी सुमनताईंना आणि सरांना तांब्याभर पाणी दिलं. मग दादाकडे वळली.

"मानसांना दीन. गाडीला न्हाई."

"आगं, पर..."

"आज पाव्हनं यायच्यात आमच्याकडं. घरात थेंब न्हाई. आनि तुमच्या ह्या रेड्याला कुठनं पाजू?"

सुमनताई पाणी प्यायच्या थांबल्या. "कुठले पाहुणे गं?"

"साताऱ्याचे. मला बघायला."

"असं का? आणि तू इथे पाणी भरतेस?"

"मग काय करू? नटून बसले तर पाव्हन्यांना चहा कशाचा करू?" असं म्हणता म्हणता मंदा थांबली. तिने सुमनताईंच्या जरीच्या काठाकडे पाहिलं, सरांच्या टोपीकडे पाहिलं, गाडीखालच्या पायांकडे पाहिलं. ते पाय ह्यांचे आहेत हे चपलांवरून तिला कळलं असावं.

"काका?" ती हळूच म्हणाली.

"हं," गाडीखालून उत्तर आलं.

आता सगळं संपलं, असं माझ्या मनात आलं. पोरीने होणाऱ्या सासूसमोर गाडीला रेडा म्हटलं होतं, आमच्यामुळे तिचं स्थळ आमच्याच बंपरवर फुटणार होतं. आयुष्यभर भाऊजींना तोंड कसं दाखवायचं? मी पडदा बाजूला करून खाली उडी मारली (उंची विसरले होते, म्हणून पडले) आणि गुडघ्यावर बसूनच म्हणाले, "सुमनताई, पोरीला माहीत नव्हतं हो. चूक आमची आहे."

"ते मला साताऱ्यातच कळलं," सुमनताई म्हणाल्या. मग त्यांनी अंबाडा घट्ट बांधला, पदर खोचला आणि मंदाच्या हातातला दुसरा हंडा घेतला. "चल. घर दाखव तुझं."

सरही एक घागर घेऊन निघाले. इंजिनात शेवटी मी पाहुण्यांसाठी आणलेला थर्मासमधला वेलदोड्याचा चहा ओतला. टँकरवाल्याने साखळी बांधून ओढलं, तर मागचा बंपर टँकरबरोबर गेला आणि गाडी आमच्याबरोबर राहिली. वाडीतल्या माणसांनी दुपारी ताल उतरवली तेव्हा कुठे आम्ही सुटलो. ती ताल पुन्हा रचायला ह्यांना आणि दादाला दोन दिवस वाडीत राहावं लागलं. चपात्या मात्र दादाने खरोखर उत्तम केल्या.

लग्नाच्या बोलणीला आम्ही सगळे भाऊजींच्या ओसरीवर बसलो होतो. भाऊजी घाबरलेले. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "आवं, तुमचं काय म्हननं आसंल ते सांगा. देन्याघेन्याचं, मानपानाचं."

"काही नको," सुमनताई म्हणाल्या. "मुलगी आम्हाला तिथे रस्त्यातच पसंत पडली. त्या गाडीला पाणी नाही म्हणणारी तेवढी एकच शहाणी भेटली. आमची फक्त एक अट आहे."

भाऊजी पुढे सरकून बसले.

"लग्नात वऱ्हाडाची ने-आण करायला," सुमनताई म्हणाल्या, "सांगलीकरांची गाडी आणायची नाही."

"मान्य," भाऊजी म्हणाले. "मान्य," सर म्हणाले. आतल्या दारातून मंदासुद्धा "मान्य" म्हणाली. हे माझ्याकडे मोठ्या आशेने बघत होते. गाडीच्या बाजूने निदान घरचं एक माणूस तरी बोलेल, असं त्यांना वाटत होतं.

एकमत झाल्याची खूण म्हणून भाऊजींच्या बायकोने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझ्या हातावर ती दोनदा पडली. "मान्य" म्हणताना सगळ्यात मोठा आवाज माझा होता.