जागल

हरभरा भरला की वलगावच्या वावरात रानडुकरं घुसतात, म्हणून रातभर जागल करावी लागते. माहे मालक फौजेतून आले तेव्हापासून त्यायले झोप नाई. डोळा लागला की फौजेतल्या मेलेल्या जोडीदाराले हाका मारत उठायचे. जागंच राहायचं, तं शेजारच्या दिगंबरच्या हरभऱ्याचीबी जागल ते फुकट करत.

त्याच दिगंबरनं आपल्या पोराच्या वरातीत मुद्दाम माह्या मालकाच्या पाठीमागं सुतळी बॉम्ब लावला. हे नव्या सदऱ्यासकट नालीत आडवे झाले आन् ओरडले, "खाली पडा!" सारी वरात हसली. दिगंबरनं तं हसत हसत मोबाइलवर शूटिंग केली आन् गावभर पाठवली.

मी मालकायले सांगतलं, "आता त्याच्या वावराचा धुरा ओलांडायचा नाई."

काल सकाळी दिगंबर रडकुंडीले येऊन अंगणात उभा राहिला. डुकरायनं त्याचा हरभरा मुळासकट उकरला होता.

"वहिनी, पुंडलिकभाऊ रातच्याले झोपले होते काय?"

"नाई. आमी दोघंबी धुऱ्यावरच बसून होतो."

"मंग डुकरं हाकलले काहून नाई?"

मी त्याच्या हातात माहा मोबाइल देला. त्यातल्या शूटिंगमदी बॅटरीच्या उजेडात डुकरं त्याचा हरभरा उकरून राहिले होते, आन् मांगून हसायचा आवाज येत होता. माहा.