हळदीच्या अंगानं खेळलेली सुमन

माझी बायको सुमन हिला कोणी पाण्याचा तांब्या दिला तरी ती आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, मग हात पुढे करायची. आमच्या लग्नाला आलेल्यांना वाटलं, बाई घाबरट आहे. ती फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळायची. म्हणायची, "बॉल यायच्या आधी बघून ठेवायचं. आल्यावर बघितलं तर गेला."

आम्ही दोघं मनमाडचे. मी रेल्वेत गँगमन. तिची भारताच्या संघासाठी निवड चाचणी नाशिकला होती आणि नेमकी आदल्या दिवशी हळद लागलेली. हळद लागलेल्या पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही, तरी ती आली. नजर लागू नये म्हणून हातात अडकित्ता घेऊन तिची मावशी सोबत. मीही आलो होतो, मागं उभा होतो.

पंच म्हणाले, "काचेच्या बांगड्या चालणार नाहीत. उतरवा, नाहीतर बाहेर बसा."

मावशी ओरडली, "लग्नाआधी चुडा उतरवते? नवऱ्याला खाते का गं भवाने!"

सुमननं मला गर्दीत हेरलं. "अहो, तुम्हीच सांगा. तुमच्याच जिवाचा प्रश्न हाय."

सगळे हसले. मी म्हटलं, "उतरव. मला काय होत नाय."

नळावर साबण लावून तिनं बांगड्या काढल्या. मावशीनं त्या पदरात धरल्या आणि मॅच संपेपर्यंत रडली. समोरच्या पोरी "ए हळदी, ए हळदी" करून चिडवत होत्या. ही पिवळ्या पायांनी बॉल काढून घ्यायची, पुढं द्यायची आणि परत मधे येऊन उभी राहायची. निवड झाली.

मग ती कलकत्त्याच्या एका क्लबात खेळली, भारताकडून परदेशात खेळली. जर्सी परत द्यावी लागायची, म्हणून घरात एकही नाही. गोल दुसऱ्या मारायच्या. पेपरात त्यांचं नाव. मी चिडलो तर म्हणायची, "बॉल कोणी दिला ते गोल मारणारीला माहीत असतं. बास."

परदेशातली पहिली मॅच तिनं मला ओट्यावर वाट्या मांडून सांगितली. बाकीच्या नंतर सांगते म्हणाली. मग पोरं झाली, गुडघा गेला, आम्ही नाशिकरोडला आलो. मलाही वाटलं, घरातच आहे, कधीही विचारू.

यंदा उन्हाळ्यात ती गेली. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

दहाव्याला कलकत्त्याहून तिची जुनी कॅप्टन आली. म्हणाली, "भाईसाब, आखरी मॅच का तो बताया होगा उसने?"

मी म्हटलं, "नाही. पहिलीच माहीत आहे."

बाईनं डोळे पुसले आणि सांगायला लागली. समोरच्या संघातल्या दोघी सुमनला चिकटूनच होत्या, पाऊस होता, एक गोल आपल्यावर चढलेला. तेवढ्यात रिक्षावाला दारात आला. गाडीची वेळ झाली होती. बाई माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी तिची बॅग उचलून रिक्षात ठेवली. पुढं काय झालं, ते विचारलं नाही. ते सुमन सांगणार होती.