तळ्याकाठचा इतिहासकार

कोलकात्याला बदली झाली, त्या वर्षी साहेबांनी मला गोल्फची वार्षिक स्पर्धा पाहायला पाठवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तळ्याकाठी एक म्हातारे दादा बसले होते. जन्मभर खेळाडूंच्या पिशव्या वाहिलेले. मी हिंदीत विचारलं, "दादा, मागच्या वर्षी कोण जिंकलं?"

"ते नाही ठाऊक. मागच्या वर्षी एका सरदारजींचा चेंडू इथे बुडाला. त्याच्या आदल्या वर्षी कोल्ह्याने पळवला."

असा त्यांनी पार त्यांच्या तरुणपणापर्यंतचा इतिहास सांगितला. तेवढ्यात आघाडीवरच्या खेळाडूने चेंडू मारला. दादांनी श्वास रोखला. चेंडू तळं ओलांडून थेट झेंड्यापाशी पडला. दादांनीही टाळ्या वाजवल्या. मग खिन्नपणे म्हणाले, "आता हे वर्ष लक्षात कसं ठेवायचं?"