भावजींची जेवणातली वाइन

भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, लेकीच्या स्वयंपाकघरात, एकटीच जेवत होते. मैसूरजवळच्या हिनकलहून, भावजींच्या शेजारच्या जयम्मा बोलत होत्या. सकाळी दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, मग मागच्या दारानं आत गेलो... भावजी खुर्चीतच होते म्हणे, रात्रीचं जेवण पुढ्यात तसंच. "ऊट हागे इत्तम्मा," जयम्मा पुन्हा पुन्हा सांगत होत्या, जेवण तसंच होतं. अशा वेळी माणूस काय विचारतं? मी विचारलं, "ताटं किती होती?" धक्क्यानं म्हातारी बरळायला लागली, असं जयम्मांना वाटलं असणार. मग हळूच म्हणाल्या, "ओंदे अम्मा. एकच." एक ताट म्हणजे वाइनची बाटली उघडलेली नव्हती. तेव्हा मला रडू फुटलं.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलअक्काचे यजमान, यशवंतराव. घराणं मैसूरच्या राजाच्या पदरी असलेल्या जुन्या मराठा शिपायांचं. तलवार केव्हाच गेली, मिशा तेवढ्या राहिल्या, असं अक्का म्हणायची. नोकरी दूध संघात, दूध गार ठेवणाऱ्या यंत्रांची देखभाल. त्याच यंत्रांचं काम शिकायला तरुणपणी त्यांना फ्रान्सच्या दक्षिणेला पाठवलं होतं आणि राहायची सोय झाली ती द्राक्षं पिकवणाऱ्या एका खेड्यात. तिथे त्यांना काय दिसलं, तर आपली दूध सोसायटीच. आमच्या मैसूरपलीकडे एच. डी. कोटेकडच्या खेड्यांत बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहतात, कुणाचं दूध थोडं, कुणाचं जास्त, जातं सगळं एकाच टाकीत. तसे तिथे शेतकरी द्राक्षांच्या गाड्या घेऊन सहकारी संस्थेच्या दारात उभे. सगळ्या गावाची द्राक्षं एकत्र, वाइन एकत्र. लोक घरून कॅन आणायचे आणि नळीनं भरून न्यायचे, आपण रेशनचं रॉकेल न्यायचो तशी. स्वस्त, लाल, जराशी तुरट. भावजी जिच्या घरी राहत ती म्हातारी ही वाइन साध्या पाण्याच्या पेल्यांत ओतायची, एक तिला, एक ह्यांना, सूप आणि पावाबरोबर. मग बूच लावून बाटली कपाटात. ज्या दिवशी भावजींना यायला उशीर होई, त्या दिवशी म्हातारी एकटी जेवायची आणि स्वतःचा पेला उलटा घालून ठेवायची.

तो उलटा पेला भावजी घेऊन आले. "एकट्यानं घेतली की ती दारू, सुधा," ते मला सांगायचे. "समोर कुणी जेवत असलं की ते जेवण." मी त्यांची मेहुणी, थट्टा करायचा माझा हक्कच. "पिणाऱ्याला निमित्त पुरतं, भावजी," मी म्हणायची. पण जन्मभर त्यांनी तो नियम मोडला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

बरीच वर्षं ती वाइन मैसुरात कुठे मिळायचीच नाही. पुढे मिळायला लागली, पण तिथे जी गवंडी-सुतार रोज जेवताना घेतात ती इथे येईपर्यंत कर लागून सणासुदीची होऊन बसायची. भावजी कापडी पिशवी घेऊन दुकानात जायचे आणि मोठ्या नावाच्या बाटल्या बाजूला सारून खालच्या फळीवरची, गावाच्या सोसायटीची शोधायचे. "इदु यारू तगोळ्ळल्ला सार," दुकानदार म्हणायचा, ही कुणी घेत नाही. "अदक्के ननगे कोडी," भावजी म्हणायचे, म्हणूनच मला द्या. घरी आणली की ती रविवारी रात्री उघडायची. अक्काला आधी वासही सोसेना. मग एकदा हुलग्याच्या सारूबरोबर, म्हणजे पातळ आमटीबरोबर, तिनं घोटभर घेतली, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाली, "चालतंय की हे. पण मुद्दे थोडं मऊ पाहिजे होतं." मुद्द्याबरोबर, नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याबरोबर, फ्रान्सची वाइन चालवून घेणारी माझी बहीण हयातीत कधी अर्ध्या पेल्यापुढे गेली नाही. माझे यजमान गेल्यावर मी भावजींच्याच घराच्या मागच्या खोल्यांत राहायला आले आणि रविवारी ताटं तीन झाली. मटणाचा रस्सा असो की वांगीभात, भावजी आधी वाढायला लावायचे, मग ओतायचे. जेवण संपलं की बोलणं चालू राहायचं, पण पेला पुन्हा भरायचा नाही. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं निवांत मी दुसरीकडे कुठे जेवले नाही.

अक्का गेली तेव्हा ताटं दोन झाली. भावजींना वाटायचं, गिरीशनं, त्यांच्या मुलानं, एकदा तरी त्या टेबलाशी बसावं. गिरीश परदेशात. एकदा आला तो भलतीच महागडी बाटली घेऊन. संध्याकाळी मित्र जमले, गच्चीवर उभ्या उभ्या ती संपली, आणि जेवायच्या वेळी गिरीश म्हणाला, "पप्पा, भूक नाहीये, तुम्ही जेवून घ्या." भावजींनी आपला पेला उलटा घातला. मी समोर होते, मी म्हटलं, "मी आहे की." म्हणाले, "साकु बिडु, राहू दे. आज नको." गिरीश वाईट मुलगा नाही. त्याला कळलंच नाही की बापानं त्याच्याकडे काय मागितलं होतं.

मग मी न्हाणीत पडले. मांडीचं हाड मोडलं आणि लेक मला पुण्याला घेऊन आली. जिने चढणं बंद, प्रवास बंद. निघताना भावजींनी सोसायटीची नवी बाटली दाखवली. "तू बरी होऊन आलीस की उघडू. नाहीतर गिरीश येईल दिवाळीला." मी बरी झाले नाही आणि गिरीशची दिवाळी दर वर्षी पुढे जात राहिली. रविवारी रात्री फोन व्हायचा. "उघडली का?" मी विचारायची. "कुणाबरोबर?" ते विचारायचे. सुरुवातीला दोघं हसायचो. मी म्हणायची, जयम्मांना बोलवा. म्हणायचे, त्या शनिवार करतात, रविवार करतात, आता वास आला तर मला घरात घेणार नाहीत. मी म्हणायची, फोन टेबलावर ठेवा, मी इथे जेवते, तुम्ही तिथे जेवा. त्यावर एकदा म्हणाले, "सुम्मने, गप्प बस ग. फोनला वाढता येतं का?" शेवटी शेवटी मी विचारणं सोडलं.

दहाव्याला, प्रवास बंद असतानाही, लेकीनं गाडीनं मला हिनकलला नेलं. ओसरीवर कुणीसं लांबचं नातेवाईक म्हणत होतं, "प्यायचे ना ते रोज... मग दुसरं काय होणार." मी ऐकलं. भांडावंसं वाटलं. जो माणूस बाटली घरात असून वर्षानुवर्षं कोरडा जेवला, त्याला लोकांनी बेवडा म्हणून पोचवलं. हे मी इथे लिहिते आहे, पण ते लोक वाचणार नाहीत, आणि वाचलं तरी म्हणतील, मेहुणीच ती. गिरीश तीन दिवस राहिला. घराचं गिऱ्हाईक ठरलं आहे. निघताना त्यानं अक्काच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ती बाटली माझ्या हातात दिली. "मावशी, ही तूच ने. तुम्ही दोघंच घ्यायचात ना." दोघंच, म्हणाला. मी नेली.

आता ती माझ्या कपाटात आहे. लेक ऑफिसातून येता येता खाऊन येते, जावई रात्री लॅपटॉपसमोर जेवतात, नातीचं ताट तिच्या खोलीत जातं. कुणाचं काही चुकत नाही, घरंच आता अशी जेवतात. भावजी सांगायचे, ही गावची वाइन साठवायची नसते, मोठ्या नावाच्या वाइन्सची ती हौस. ही दोन-तीन वर्षांत प्यायली नाही तर उतरते. लेबलावरचं साल मी भिंग लावून वाचलं. त्यापुढची दोन-तीन वर्षं केव्हाच उलटून गेली आहेत. आत आता नुसतं आंबट पाणी असेल, बहुतेक... तरी रविवारी मी बाटली काढते, पुसते, आणि परत ठेवते. खराब झाली आहे का, एवढं बघायला तरी उघडावी म्हटलं, तर त्यालाही समोर कुणीतरी जेवायला बसलेलं लागतं.